अंगावरची जन्मखूण

सरकारी कागद भरताना एक रकाना पुष्कळदा येतो. 'अंगावरील ओळखीची खूण.' कोणी लिहितो, 'डाव्या गालावर तीळ'. कोणी लिहितो, 'कपाळावर जखमेचा व्रण'. आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा असा नमुन्याचा कागद भरायला दिला होता. साऱ्या बाया एकमेकींचे हात न् तोंड न्याहाळू लागल्या. "अगं, तुझ्या मानेवर केवढा तीळ आहे! तोच लिही की," असे चालले होते. खूप हशा झाला.

एक बाई मात्र खाली मान घालून बसली होती. तिने तो रकाना कोरा ठेवला आणि पदर उजव्या गालावर ओढून घेतला. तिच्या तोंडावर, कपाळापासून पापणीवरून थेट ओठापर्यंत, जांभळट लाल रंगाचा मोठा डाग आहे. जन्मापासूनचा. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "बाई, माझ्या खुणेला नाव काय लिहायचं? आमच्याकडं गिऱ्हाणाचा डाग म्हणतात. मी पोटात असताना आईनं गिऱ्हाण पाळलं नाही म्हणे. आजी मरेस्तोवर आईला त्यावरून बोलत होती."

अशा आया आणि अशा मुली गावोगाव आहेत. म्हणून आज जन्मखुणांविषयी बोलू. त्या का होतात, कोणत्या खुणेला काही करावे लागत नाही, आणि कोणती खूण डॉक्टरला दाखवायला एक आठवडासुद्धा थांबू नये, हे नीट समजून घेऊ.

जन्मखूण म्हणजे जन्मताना असलेला, किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दिसू लागलेला अंगावरचा डाग. लहान असला तर आपण त्याला तीळ म्हणतो. मोठा असला तर लासे म्हणतो.

आपली कातडी एकपदरी नसते. गोधडीसारखे तिचे थर असतात. वरच्या थरात रंग तयार करणाऱ्या बारीक बारीक पेशी असतात. कोणी गोरा, कोणी सावळा, तो या रंगामुळे. खालच्या थरात केसाहूनही बारीक अशा रक्ताच्या नळ्या असतात. मूल पोटात वाढत असताना हे सगळे हळूहळू तयार होते. त्यात कुठे रंगाच्या पेशी एका जागी गोळा होतात. तिथे काळा किंवा तपकिरी डाग पडतो. कुठे रंग कमी पडतो, तिथे पांढरट डाग राहतो. कुठे रक्ताच्या नळ्या जास्त होतात किंवा रुंद राहतात, तिथे लाल डाग दिसतो. बहुतेक डाग म्हणजे एवढीच गोष्ट असते. ते दुखत नाहीत, पसरत नाहीत, कोणाला लागत नाहीत.

आता ग्रहणाचे. ग्रहण ही सावली आहे. चंद्र सूर्याच्या आड येतो, किंवा पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. ती सावली घराच्या भिंतीतून शिरून पोटातल्या बाळाला डाग लावू शकत नाही. साधा हिशेब करून बघा. आपल्या गावातून ग्रहण दिसते ते कधी तरी. पण डाग असलेली बाळे बाराही महिने जन्माला येतात. ज्या आयांनी ग्रहण कडक पाळले त्यांच्याही बाळांना डाग असतात, आणि ज्यांनी ग्रहणात भाजी चिरली त्यांची बाळे बिनडागाची असतात. आमच्या वर्गातल्या बाईच्या तोंडावर आहे तसा लाल डाग कशाने होतो, ते शास्त्रज्ञांनी 2013 साली शोधून काढले. पोटात बाळ वाढत असताना त्याच्या एखाद्या पेशीत बारीकसा बदल होतो. त्या पेशीपासून पुढे जेवढी कातडी तयार होते, तेवढ्यात तो बदल उतरतो. विणकराच्या हातून मागावर एक धागा चुकावा, तसे हे आहे. हा बदल आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही आलेला नसतो. आई काय खाते, काय बघते, कुठे बसते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

उलट, ग्रहण पाळताना पोटुशी बाई तासन् तास पाण्यावाचून बसते, ते मात्र वाईट. तिने पाणी प्यावे, वेळेवर जेवावे. एक गोष्ट खरी आहे. सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघू नये. त्याने डोळ्यांना इजा होते. पण ती बघणाऱ्याच्या डोळ्यांना, मग तो बाप्या असो की बाई.

आता एकेक खूण बघू.

आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या ढुंगणावर आणि कमरेवर निळसर राखी रंगाचे डाग असतात. मार लागून कातडी निळी पडावी, तसे ते दिसतात. घाबरू नये. रंगाच्या पेशी वरच्या थरात पोचायच्या, त्या काही ठिकाणी खालीच राहून जातात. रंग खोल असला म्हणजे वरून निळा दिसतो. आपल्या हाताच्या शिरा बघा. आत रक्त तांबडे, पण शीर वरून निळी-हिरवी दिसते. तसेच हे. मूल शाळेत जाण्याच्या सुमारास हे डाग बहुधा विरून जातात. मात्र ते बाळाच्या कार्डावर लिहून घ्यावेत. नाही तर पुढे पाळणाघरातली बाई किंवा एखादा डॉक्टर, 'पोराला कोणी मारले काय?' म्हणून विचारात पडतो, आणि घरात उगीच भांडण होते. डाग पोटावर, छातीवर, अंगभर असतील, किंवा मूल वेळच्या वेळी मान धरत नसेल, तर मात्र डॉक्टरला दाखवावे.

काही बाळांच्या मानेवर, पापण्यांवर, कपाळाच्या मध्यभागी फिकट गुलाबी डाग असतो. बाळ रडले की तो लाल होतो. तोंडावरचा एक-दोन वर्षांत जातो. मानेवरचा पुष्कळदा राहतो, पण केसांखाली झाकतो. त्याला काही करायला नको.

याच्यापुढचा डाग मात्र नीट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याची हकीगत सांगते.

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते, आठव्या महिन्यातच झाली. जन्मली तेव्हा डाव्या वरच्या पापणीवर फिकट ठिपका होता, इतकेच. दोन आठवड्यांत तो लाल झाला. महिन्याने तुरीच्या दाण्याएवढा फुगला. दीड महिन्याने बोराएवढा झाला. आईच्या ध्यानात आले. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पोरगी हा डोळा पुरता उघडत नाही."

सासू म्हणाली, "अगं, पोर बाळसं धरतंय, तसं लासंही वाढतंय. माझ्या भाच्याच्या पाठीवर असंच होतं. पाच-सहा वरसांत आपसूक गेलं. आणि सव्वा महिना होतोय न होतोय, तोवर पोर बाहेर काढायची नाही."

सासू काही खोटे बोलत नव्हती. भाच्याचे लासे खरेच गेले होते. हे फुगणारे लाल लासे रक्ताच्या नळ्यांचे असते. दर शंभर बाळांत चार-पाच बाळांना ते होते. मुलींना जास्त होते, आणि दिवस न भरता झालेल्या, वजनाने कमी असलेल्या बाळांना जास्त होते. जन्मताना ते नसते किंवा नुसता ठिपका असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढते. पुढे वाढ थांबते, आणि मग काही वर्षांत ते हळूहळू ओसरते. पाठीवर असले, पोटावर असले, लहान असले, तर नुसते लक्ष ठेवून थांबता येते.

पण पापणीवर असले तर थांबता येत नाही. का, ते सांगते. बाळ जन्मते तेव्हा त्याला डोळे असतात, पण बघणे अजून शिकायचे असते. डोळा पाठवतो त्या चित्राचा अर्थ मेंदू लावायला शिकतो, तो पहिल्या महिन्यांत आणि वर्षांत. आपण पाटीवरची अक्षरे बघून बघून वाचायला शिकलो, तसेच. त्या पाटीवर कोणी फडके टाकले तर आपण काय शिकणार? फुगलेल्या पापणीने डोळा झाकला, किंवा तिच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलला, तर मेंदू त्या डोळ्याकडून शिकणे सोडून देतो. पुढे सहा वर्षांनी लासे गेले, तरी तो डोळा अधूच राहतो. आपण मोठेपणी पाटी पुन्हा घेतली आणि शिकलो. डोळ्याला तशी सवड मिळत नाही.

आणि सव्वा महिन्याची गोष्ट बघा. बाळंतिणीला सव्वा महिना विसावा मिळावा, बाळाला गर्दीपासून दूर ठेवावे, यात चांगलाच हेतू आहे. पण हे लासे सगळ्यांत जोरात वाढते ते नेमके पाचव्या ते सातव्या आठवड्यात. म्हणजे घराबाहेर न पडण्याचे दिवस आणि लासे वाढण्याचे दिवस एकच. म्हणून असे लासे तोंडावर दिसले तर बाळ महिन्याचे व्हायच्या आत दाखवावे. सव्वा महिना दवाखान्यासाठी मोडला तरी चालतो.

त्या घरी आशाताई लसीची आठवण करायला आल्या, तेव्हा त्यांनी डोळा बघितला. "आजी," त्या म्हणाल्या, "पाठीवरचं लासं आपण बघत बसलो असतो. हे डोळ्यावर आहे. उद्याच चला." आजीने जरा कुरकुर केली, पण स्वतःच टोपडे काढून बाळाला बांधले. तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे चामडीचे, मुलांचे आणि डोळ्यांचे अशा तिन्ही डॉक्टरांनी मुलीला तपासले आणि पोटात घ्यायचे औषध सुरू केले.

या औषधाची कथा मोठी मजेची आहे. त्याचे नाव प्रोप्रॅनोलॉल. मोठ्या माणसांच्या रक्तदाबावर आणि हृदयाच्या विकारावर ते फार दिवसांपासून देत असत. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचे शहर आहे. तिथल्या डॉक्टरांनी एका बाळाला ते हृदयासाठी दिले. त्या बाळाच्या नाकावर असे लाल लासे होते. औषध सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी लासे मऊ पडले, त्याचा रंग बदलला. मग त्यांनी आणखी बाळांना ते देऊन बघितले आणि 2008 साली जगाला कळवले. तेव्हापासून अवघड जागेच्या अशा डागांवर हेच मुख्य औषध झाले आहे.

पण ते दुकानातून आणून घरच्या घरी द्यायचे औषध नव्हे, बरे का! मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. दूध पाजल्यावरच द्यावे लागते, नाही तर रक्तातली साखर उतरते. बाळ आजारी असेल, दूध पीत नसेल किंवा त्याची छाती वाजत असेल, तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे लागते.

त्या मुलीचे लासे महिन्याभरात निम्म्यावर आले. डोळा उघडला. त्या डोळ्याला थोडा नंबर मात्र राहिला. लहानसा चष्मा लागला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "महिनाभर आधी आणली असती तर एवढंही झालं नसतं. पण सहा महिन्यांनी आणली असती, तर हा डोळा कायमचा कमजोर झाला असता."

पापणीसारख्याच आणखी काही अवघड जागा आहेत. नाकाचा शेंडा, ओठ आणि कान. जिथे लंगोट घासतो ती जागा, कारण तिथले लासे फुटून जखम होते. हनुवटी आणि गळा, कारण तिथे बाहेर लासे असले तर कधी कधी आत श्वासनळीतही असते. अशा बाळाचा श्वास घरघरू लागला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. अंगावर पाच किंवा जास्त लाल लाशी असतील, तर यकृतातही असू शकतात. म्हणून पोटाची सोनोग्राफी करून घेतात.

आता आमच्या वर्गातल्या बाईच्या डागाकडे येऊ. तोही लालच, पण जात वेगळी. तो जन्मतानाच असतो. सपाट असतो. झपाट्याने फुगत नाही, पण आपोआप जातही नाही. अंगाबरोबर वाढतो, आणि वय वाढते तसा गडद आणि जाड होतो. मिखाईल गोर्बाचेव्ह यांचे नाव काहींनी ऐकले असेल. 1985 साली ते सोव्हिएट संघाचे मुख्य पुढारी झाले. त्यांच्या टकलावर आणि कपाळावर हाच लाल डाग होता. सुरुवातीच्या काही सरकारी फोटोंत तो पुसून टाकलेला असे. पण ते स्वतः तसेच उघड्या डोक्याने जगभर हिंडले. साऱ्या जगाने तो डाग बघितला आणि त्यांचे काही अडले नाही.

हा डाग हातावर, पायावर, मानेवर असला तर बहुधा फक्त दिसण्याचा प्रश्न असतो. कपाळावर आणि वरच्या पापणीवर असला तर मात्र दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, डोळ्याच्या आतला दाब. तो वाढला म्हणजे काचबिंदू होतो. काचबिंदू मुकाट्याने नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. दुसरी गोष्ट, मेंदू. काही मुलांना यात आकडी येते, किंवा एका बाजूचा हात-पाय दुबळा पडतो. सगळ्यांनाच असे होत नाही. पण बाळ जन्मताच डोळे तपासावेत आणि पुढेही ठरावीक मुदतीने तपासत राहावे. लहानपणी दाब ठीक निघाला म्हणून सुटलो, असे नाही. मोठेपणीही तो वाढू शकतो.

डाग फिका करायचा असेल तर लेसरची सोय मोठ्या शहरांत आहे. पुष्कळ वेळा जावे लागते. लहानपणी सुरू केले तर गुण जास्त येतो. डाग पुरा जाईलच असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यापासून सावध राहावे. सावळ्या कातडीला लेसर बेताने द्यावा लागतो, नाही तर भाजते. खर्च आधी विचारून घ्यावा.

काळे-तपकिरी डाग आता थोडक्यात. दुधाच्या चहासारख्या रंगाचे एक-दोन सपाट डाग पुष्कळांना असतात. त्यांचे काही नाही. पण लहान मुलाच्या अंगावर तुरीच्या डाळीहून मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील, तर दाखवावे. त्यात नसांचा एक विकार असू शकतो. शंभरात सुमारे एका बाळाला जन्मताच काळा तीळ असतो. त्यावर पुढे केस येतात. लहान असला तर लक्ष ठेवावे. वीतभर किंवा त्याहून मोठा असला, किंवा तसा होईल असा दिसला, तर चामडीच्या डॉक्टरच्या नजरेखाली राहावे, कारण अशा मोठ्या डागात कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो. डोळ्याच्या भोवती आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात निळसर-राखी छटा असते, ती आपल्या आशिया खंडातल्या लोकांत, त्यातही बायकांत, जास्त दिसते. कधी जन्मापासून, कधी वयात येताना. तिथेही वर्षातून एकदा डोळा तपासून घ्यावा.

पांढऱ्या डागाला लोक फार भितात. जन्मापासून असलेला, न वाढणारा एखादा पांढरट डाग म्हणजे कोड नव्हे. कोड मागाहून येते. आणि ते आले तरी शिवल्याने कोणाला होत नाही. मात्र जन्मापासून तीन किंवा जास्त पांढरे डाग असतील, आणि बाळाला आकडी येत असेल किंवा ते अंगाला झटके देऊन दचकत असेल, तर लगेच न्यावे.

जन्मापासून असलेला डाग कुष्ठरोगाचा नसतो. कुष्ठरोगाचा डाग मागाहून उमटतो. तो फिकट किंवा तांबूस असतो आणि पुष्कळदा तिथे स्पर्श कळत नाही. असा नवा, बधिर डाग दिसला तर लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि रोग पुरता बरा होतो.

एक जागा लोकांच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे पाठीचा कणा संपतो तिथली, ढुंगणाच्या वरची मधली रेघ. तिथे केसांचा झुपका, खोल खळगा, मऊ गाठ किंवा लाल लासे असले, तर आत मणके नीट जुळलेले नसण्याचा संभव असतो. पुढे मूल लंगडू लागते किंवा त्याचा लघवीवर ताबा राहत नाही. तिथे शेपटीसारखे काही असले तर मारुतीचा अवतार म्हणून लोक मुलाच्या पाया पडतात. पडोत बापडे. पण आधी त्याला इस्पितळात नेऊन कण्याची तपासणी करून घ्यावी. बाळ तीन-चार महिन्यांच्या आतले असले तर साध्या सोनोग्राफीत पुष्कळ कळते.

मोठ्या माणसांनी आपल्या तिळांकडे वर्षातून एकदोनदा बघावे. तीळ वाढू लागला, त्याच्या कडा वाकड्यातिकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, त्यातून रक्त आले किंवा खपली धरून ती बरी होईना, तर दाखवावे. तिळाचा कर्करोग आपल्याकडे कमी आहे. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. शेतात अनवाणी चालणारा माणूस म्हणतो, 'काटा मोडला असेल', 'कुरूप असेल'. तो ते ब्लेडने कोरत बसतो. तळपायावरचा काळा डाग महिन्याभरात गेला नाही, वाढतच राहिला, तर कोरू नका, दाखवा.

कोरण्यावरून आठवले. आपल्याकडे डाग घालवायचे उपाय थोडे नाहीत. कोणी चुना आणि सोडा लावतो, कोणी बिब्बा लावतो, कोणी तापल्या सळईने डागतो, कोणी घोड्याचा केस बांधतो. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि आधी नव्हता असा काळा व्रण कायमचा राहतो. फुगलेले लाल लासे डागले किंवा टोचले तर रक्त थांबत नाही. बाळाच्या बाबतीत हे जिवावरचे ठरू शकते. गोरे करणाऱ्या मलमांचेही तसेच. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड नावाचे जोरदार औषध असते. ते चिठ्ठीवाचून महिनोन् महिने चोळले तर कातडी पातळ होते, तोंडावर केस येतात. जन्मखूण मात्र आहे तिथेच राहते.

मग जावे कोणाकडे? पहिल्यांदा आशाताई, नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. चामडीचे डॉक्टर जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात असतात. शिवाय जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सरकारची एक योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला तिची सुरुवात झाली. तिचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाचा शर्ट काढून डाग दाखवावा. लाजू नये. पुढची तपासणी लागली तर ते चिठ्ठी देतात.

जाताना थोडी तयारी करावी. डॉक्टर विचारतात, डाग जन्मतानाच होता की मागाहून आला? वाढतो आहे का? किती दिवसांत? आता घरोघर मोबाइल आहे. डागाशेजारी एक रुपयाचे नाणे धरून दर आठवड्याला फोटो काढावा. वहीत तारीख लिहावी. "लई वाढला" म्हणण्यापेक्षा चार फोटो दाखवलेले बरे.

हे सगळे मी वर्गात सांगितले, तेव्हा ती पदर ओढून घेणारी बाई पुढे बसली होती. तिचा डाग कपाळ आणि पापणी दोन्हींवर आहे. मी विचारले, "डोळा कधी तपासला आहेस का?"

"नाही बाई. लहानपणी मला दोन देवळांत नेलं, एका बाबाकडं नेलं. डोळ्याच्या डॉक्टरकडं कोणीच नेलं नाही. अलीकडं या डोळ्यानं कडेचं नीट दिसत नाही. शिवणकाम फार होतं, त्यानं असेल म्हटलं."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी इस्पितळात गेलो. उजव्या डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. कडेची थोडी नजर गेली होती, ती काही परत येणार नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब दिले आहेत. रोज घालायचे, कंटाळा करायचा नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचे. बाटलीवरचे नाव तिने तिथेच सावकाश, एकेक अक्षर लावून वाचले. घरी जाऊन आईला सांगितले, की डाग गिऱ्हाणाचा नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी आजी असती तर तिला ऐकवलं असतं."

कागदाचा तो रकाना तिने पुढच्या तासाला भरला. 'उजव्या गालावर व कपाळावर लाल जन्मखूण.' जन्मखूण या शब्दातला ण तिने दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहे.